खिडकीतले गृहस्थ

आमच्या पूर्वेच्या खिडकीत एक गृहस्थ राहतात. नाव रेडिओमीटर. संत्र्याएवढा काचेचा गोळा, आत सुईच्या टोकावर तोललेली चार पाती, प्रत्येकाचा एक गाल काजळी फासलेला, दुसरा पांढुरका. चावी नाही, सेल नाही. सकाळी उन्हाची तिरीप काचेला टेकली की आधी एखादं पातं जरासं सरकतं, थबकतं, आणि मग स्वारी अशी गरगरते की चार पात्यांचा एकच करडा पट्टा दिसू लागतो. ढग आला की लगेच रुसवा. एलईडीला ते फारशी भीक घालत नाहीत, जुना पिवळा बल्ब मात्र चालतो. त्यांना उजेडापेक्षा ऊब हवी.

जन्म लंडनचा, 1873च्या आसपासचा. विल्यम क्रुक्स निर्वात पेटीत थॅलियम तोलत होते आणि ऊब लागली की तराजू चकायचा. त्या चकण्यातून हे जन्मले. प्रकाशच पाती ढकलतो, असं क्रुक्सना वाटलं. पण चिरंजीवांनी बापाला खोटं पाडलं. किरण काळ्या गालात मुरतात, पांढऱ्यावरून उलटे परततात. म्हणजे धक्का पांढऱ्याला जास्त बसायला हवा आणि मागे हटायला हवा तो. हटतो काळा!

प्रकाशाला दाब असतो, पण या पात्यांपुढे तो अगदीच किरकोळ. खरा खोडकर म्हणजे गोळ्यात उरलेली चिमूटभर हवा. काळा गाल तापतो, त्याच्यावर आपटलेले हवेचे कण जास्त जोरानं परततात आणि जाता जाता पात्याला लाथ मारतात. (ही झाली सोपी गोष्ट. बरीचशी ढकलाढकल पात्यांच्या कडांशी चालते, हे रेनॉल्ड्स आणि मॅक्सवेल यांनी 1879 साली दाखवलं.) सगळी हवा काढून घ्या, गृहस्थ गप्प. पुरती भरा, तरी गप्प.

1876 साली मँचेस्टरमध्ये आर्थर शूस्टरनी तर अख्खा गोळाच टांगला आणि त्यावर उजेड सोडला. पाती एकीकडे फिरली, काच दुसरीकडे. बाहेरून प्रकाश ढकलत असता तर काचेला उलटं फिरायचं कारणच नव्हतं. आतल्या हवेनं पात्यांना जेवढं रेटलं, तेवढंच काचेलाही उलट रेटलं. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत मी बंदुकीच्या दणक्यावर पाठ केला होता. पटला तो या टांगलेल्या गोळ्यामुळे.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी उन्हात तापलेल्या गृहस्थांना उचलून थेट फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं. थोड्या वेळानं आईनं दही काढायला दार उघडलं आणि हाक मारली, "अरे, हे तुझं खूळ उलटं फिरतंय!" काळा रंग ऊब जशी पटकन घेतो तशी पटकन सोडतोही, तो पांढऱ्याआधी गार झाला होता आणि आता पुढे धावत होता. दार बंद कर म्हणून ओरडा बसेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे.