दूध आलं होतं का?

डिसेंबर २००१. मिरजेच्या दवाखान्यात आईच्या उलट्या थांबत नव्हत्या, रक्तातलं सोडियम ११२ वर उतरलं होतं आणि ती मला ओळखत नव्हती. अशा वेळी डॉक्टरबाईंनी विचारलं, “मावशी, शेवटच्या बाळंतपणात दूध आलं होतं का?”

आईकडून उत्तर आलं नाही. ते दिलं शेजारच्या काकूंनी. आमच्यासोबत त्याही गावाहून जीपमधून आल्या होत्या. “थेंबभर न्हाई आलं, बाई. हिला मीच पाजलीया.”

हिला म्हणजे मला. माझा जन्म १९७९चा, घरातच झालेला. त्या रात्री आईच्या अंगावरून इतकं रक्त गेलं की ती जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती जगली, पण त्यानंतर तिला पाळी आलीच नाही. लाजेपोटी तिनं हे कुणाला सांगितलं नाही. वैशाखातही ती गोधडी पांघरून झोपायची. चार भाकरी थापल्या की भिंतीला टेकून बसायची. घरात तिला ‘आळशी’ म्हणत. मीही म्हटलंय. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

बाईंनी आईची काख पाहिली, केस नव्हते. तळहात पाहिले, पांढरेफटक. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच बिघडल्या असत्या तर कातडी काळवंडली असती, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणजे त्या ग्रंथींना हुकूम देणारी, मेंदूखालची वाटाण्याएवढी पियुषिका थकली होती. गरोदरपणात ही ग्रंथी वाढते, तिला रक्त जास्त लागतं. नेमक्या त्याच वेळी अतिरक्तस्रावानं रक्तदाब कोसळला तर तिचा भाग मरतो. दूध आणणारं संप्रेरक तिथलंच, पाळीचा हुकूम तिथला, थायरॉईडला आणि अधिवृक्काला जागं ठेवणारेही तिथलेच. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो शीहान सिंड्रोम.

त्याआधी पंधरा दिवस दुसऱ्या एका दवाखान्यात आईचं थायरॉईड कमी निघालं होतं आणि तिला गोळी सुरू झाली होती. गोळी बरोबर होती, क्रम चुकला होता. थायरॉक्सिननं शरीरातलं कॉर्टिसोल लवकर खर्च होतं. ते मुळातच तुटपुंजं असेल तर माणूस कोसळतो. आधी स्टिरॉइड, मगच थायरॉईडची गोळी. बाईंनी तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई उठून बसली आणि म्हणाली, “आमटी-भात मिळंल का?” बावीस वर्षांत तिनं आपणहून जेवायला मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

कॉर्टिसोल तळाला गेल्याचा रिपोर्ट नंतर आला. स्कॅनमध्ये ग्रंथीच्या जागी जवळजवळ पोकळी दिसली. पण माझ्या लेखी निदान झालं होतं ते त्या एका प्रश्नात. इतक्या वर्षांत आईला टॉनिकं मिळाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, सलाईन मिळालं. तिच्या बाळंतपणाबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं.

घरी पाठवताना बाईंनी एक कार्ड लिहून दिलं, ठळक मराठीत: स्टिरॉइडची गोळी एक दिवसही चुकवू नये, ताप आला तर दुप्पट घ्यावी, उलट्या होत असतील तर ताबडतोब इंजेक्शन. काकूंना वाचता येत नव्हतं. मी त्यांना ते तीनदा वाचून दाखवलं, तेवढ्यात त्यांना पाठ झालं. त्यांना पाहून वाटायचं, माझ्या जन्मानं आईचं जे गेलं, त्यातलं निम्मं यांनी आधीच भरून दिलंय, आता आणखी काय मागायचं यांच्याकडे?

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आले. एका पावसाळ्यात आईला ताप आणि उलट्या सुरू झाल्या. आईजवळ काकूच होत्या. देव्हाऱ्याखालच्या डब्यातलं कार्ड आणि इंजेक्शनची बाटली पदरात बांधून त्यांनी आईला रिक्षात घातलं आणि आरोग्य केंद्र गाठलं. तिथल्या नर्सताईंनी नाव, वय, पत्ता विचारायला सुरुवात केली. काकूंनी बाटली टेबलावर ठेवली. “आदी ह्ये टोचा, मग काय ते इचारा.”