गाडीला पुढचा-मागचा कॅमेरा घेताना

खोडव्याच्या पाचटाची नोंद राहिली आहे, ती पुढच्या खेपेला टाकतो. आजचा विषय शेताबाहेरचा आहे, पण ज्यांच्या घरी चारचाकी आहे आणि गळीत हंगामात पहाटे-रात्री रस्त्यावर जावं लागतं त्यांनी वाचावा.

आमच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बार्शीला न्यावं लागतं. नंबर सकाळचा, म्हणजे घरातून अंधारातच निघायचं. गाडी धाकटा चालवतो. माघात परत येताना एका गावच्या चौकात शेरडं आडवी आली म्हणून त्यानं गाडी थांबवली, आणि मागून मोटरसायकल येऊन धडकली. चालवणाऱ्या पोराच्या पायाला लागलं. पाच मिनिटात चाळीस माणूस जमा. गर्दीतला एक जण म्हणला, गाडीवाल्यानं रिव्हर्स घेतला. झालं, सगळ्यांनी तेच धरलं. आई मागच्या सीटवर, सुया काढलेल्या हाताला पट्टी तशीच. अठरा हजार देऊन घरी आलो. पैसे त्या पोराच्या पायाला लागले, त्याचं काही वाटत नाही. दवाखान्यात तर त्याला आपणच नेलं असतं. पण धाकट्यानं रिव्हर्स घेतला हे त्या गावात अजून खरं धरलं जातं, आणि तो आता तो चौक टाळून लांबून वळसा घालून जातो.

मागं काय झालं हे सांगणारा कुणीतरी पाहिजे होता. म्हणून कॅमेरा, आणि तो नुसता पुढचा नाही.

दुकानात गेलं की पहिला शब्द ऐकू येतो 'वायरलेस'. आपल्या मोटरचा मोबाईल स्टार्टर असतो ना, फोनवरून चालू होतो पण लाईट लागतेच, तसलंच हे प्रकरण. बहुतेक वायरलेस डॅशकॅम म्हणजे वायफायवाला. कॅमेरा स्वतःचं वायफाय सोडतो, फोन त्याला जोडायचा आणि चित्रण फोनवर बघायचं. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज नसली तरी चालतं, हे आपल्या भागात बरंच आहे. करंट मात्र गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून वायरनंच जातो. सिमकार्डवाले पण कॅमेरे आहेत, घरी बसून गाडी कुठं आहे ते दिसतं. पण महिन्याचं रिचार्ज आलं, आणि आमच्या रस्त्याला रेंज जाती-येती, म्हणून मी ते सोडून दिलं.

खरी गल्लत मागच्या कॅमेऱ्यात होती. एका दुकानदारानं 'पुढचा-मागचा सेट' म्हणून जे दाखवलं त्यात मागचा निव्वळ रिव्हर्स कॅमेरा होता. त्याला करंट रिव्हर्सच्या दिव्यातून. रिव्हर्स गिअर टाकला तरच चालू होणार, आणि साठवून काहीच ठेवणार नाही. पार्किंगला चांगला. पण आमची गाडी तर उभी होती, त्यात त्याचा काय उपयोग? विचारायचं एवढंच, की गाडी पुढं चालताना आणि उभी असताना मागचं चित्रण कार्डात जातं का?

मागचा पूर्ण बिनवायरचाही मिळतो. त्याची बॅटरी चार्ज करत बसावं लागतं, आणि पुढच्या कॅमेऱ्याशी त्याचा सिग्नल मधी तुटू शकतो. मी मागचा वायरवालाच घेतला. छताच्या अस्तरातून वायर नेली की दिसत पण नाही. फक्त बसवणाऱ्याच्या जवळ उभं राहा. ज्या गाडीला बाजूच्या खांबात पडदा एअरबॅग आहे तिथं वायर एअरबॅगच्या वरून आडवी जाता कामा नये, नाहीतर एअरबॅग उघडताना अडचण. आणि मागचा कॅमेरा वायपर फिरतो त्या पट्ट्यात चिकटवा. आपल्या रस्त्यानं मागची काच दोन दिवसात धुळीनं भरते.

आता ऊन. सोलापूर जिल्ह्याचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. बंद गाडीत काचेजवळ हात लावता येत नाही. लिथियम बॅटरीचा कॅमेरा त्या उष्णतेत फुगतो. त्यापेक्षा सुपरकपॅसिटरवाला घ्या. गाडी बंद झाल्यावर शेवटची फाईल नीट मिटवण्यापुरता करंट तो धरतो, आणि ऊन सोसतो. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाहीत, खोक्यावर वाचावं लागतं.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली सगळेच चांगले दिसतात. मी दुकानदाराला सांगून रात्री घेतलेलं चित्रण मागितलं, आणि समोरच्या गाडीची नंबरप्लेट आपल्या हेडलाईटनं पांढरी फटक होती का वाचता येती ते बघितलं. निवड त्याच्यावरच केली.

कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या. रात्रंदिवस खोडून-लिहून साधं कार्ड लवकर मरतं. ६४ जीबीत दोन्ही कॅमेऱ्यांचं साधारण पाच तासांचं चित्रण बसतं, सेटिंगप्रमाणे कमीजास्त, मग जुनं आपोआप पुसलं जातं. धक्का बसला की जी-सेन्सर ती फाईल कुलूपबंद करतो. शहरात हे ठीक. आपल्या पाणंदीत दर दहा फुटाला धक्का, कार्ड कुलूपबंद फायलींनीच भरतं. सेन्सर 'लो' वर ठेवा.

उभ्या गाडीत चालू ठेवायचा असेल तर हार्डवायर किट लागतं, आणि त्याला लो-व्होल्टेज कट पाहिजेच. नाहीतर पहाटे आईला घेऊन बसायचं आणि बॅटरी उतरलेली.

कज्जा झालाच तर कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर पुढचं चित्रण होऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप म्हणजे मूळ पुरावा नव्हे, ती दाबून लहान केलेली असती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असल्या चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकील बघंल, पण कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर ठेवणं आपलं काम.

आणि कॅमेरा आपल्या बाजूचा नसतो बरं का. जीपीएसवाला असला तर आपला स्पीड पण लिहून ठेवतो. धाकट्याला ते पहिल्याच दिवशी सांगितलं, तर म्हणला, राहू द्या की. माईक मात्र मी बंद केला. आई गाडीत काय बोलती ते तिचं.

गेल्या आठवड्यात पहाटेचं चित्रण बघत बसलो होतो. कुर्डुवाडीच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अगदी जवळ गेल्यावर उजेडात येतात. धाकट्यानं गाडी कशी काढली त्याचं त्यालाच माहीत. नीट बघितलं तर ट्रॅक्टर आमच्याच टोळीचा, ऊस आमच्याच शेजारच्या फडातला. मुकादमाला फोनवर दाखवलं. तो म्हणला, कारखाना पट्ट्या देतो, पण गाळात-मातीत निघून जातात. दुसऱ्या दिवशी लाल रिफ्लेक्टरचा एक रोल आणला आणि फडात थांबून चारी ट्रॉल्यांना मागं लावून घेतला, पत्रा आधी पुसून.

तुमच्यापैकी कुणी पिकअपला मागचा कॅमेरा बाहेरून बसवला असेल तर धुळीचं काय केलं ते लिहा. पुतण्याच्या गाडीला बसवायचा आहे.