एकही भोक न पाडता

काय सांगू आणि कुठून सुरुवात करू! सध्या भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. 1974 सालच्या फियाटमध्ये, पत्र्याला एकही नवं भोक न पाडता, डॅशबोर्डवरची एकही वस्तू न हलवता, माझ्या फोनमधलं गाणं तिच्या स्वतःच्या जुन्या रेडिओतून वाजतं. त्याच रेडिओच्या नॉबनं आवाज कमीजास्त होतो, त्याचाच पिवळा दिवा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला पन्नास वर्षांत काही बदललंय असं वाटणारही नाही. हे शक्य असतं, आणि आपल्या नांदेडात बसून करता येतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

गाडी लातूरच्या मामांची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची, म्हणजे वालचंद हिराचंदांच्या कारखान्यातली. फियाट 1100 डिलाइट, मग थोडा काळ प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी, अशी नावं बदलत गेली, पण मामांच्या घरी ती कायम ‘फियाट’च. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग सीट, दारांना त्या त्रिकोणी काचा. आणि डॅशबोर्डाखाली रेडिओ: दोन बाजूंना दोन नॉब, मधे काचेमागे सरकणारी सुई, खाली पाच दाबायच्या कळा. ग्लोव्ह बॉक्समध्ये पोस्टाचे शिक्के मारलेलं रेडिओ लायसन्सचं पुस्तकसुद्धा निघालं. गाडीतल्या रेडिओलाही तेव्हा लायसन्स लागायचं.

मामांनी गाडी माझ्या हवाली केली तेव्हा एकच अट घातली, ‘गाणी लाव, काय लावायचं ते लाव, पण गाडीला कापाकापी करू देऊ नको.’ अट साधी वाटली. पण मी जिथे जिथे विचारलं तिथे पहिलं उत्तर कापाकापीचंच मिळालं. दारांना साडेसहा इंचाची भोकं, डॅशबोर्ड कापून स्क्रीन, डिकीत बेसची पेटी, आणि जुना रेडिओ? तो भंगारात. असं केलेल्या गाड्या मी पाहिल्यात. आवाज मोठा असतो, पण दाराचा मूळचा पुठ्ठा आणि रेक्झिन गेलं की परत मिळत नाही.

मग नांदेडच्या वजिराबादेत एका जुन्या रेडिओ कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. चाचांनी रेडिओ हातात घेतला, उलटा केला, मागच्या बाजूचा एक छोटा प्लग दाखवला आणि विचारलं, ‘गाडीला अर्थिंग कुठलं आहे, प्लस का मायनस?’ मी पाहतच राहिलो. त्या काळच्या कितीतरी इंग्लिश गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असायची, म्हणून रेडिओ बनवणाऱ्यांनी मागे हा बदलायचा प्लग ठेवलेला असे. तो चुकीच्या बाजूला असताना वीज दिली तर आतले ट्रान्झिस्टर क्षणात जातात. फियाटला अर्थिंग मायनस, प्लगही मायनसवर. चाचांनी समाधानानं मान हलवली आणि झाकण उघडलं.

आत काय होतं ते मी विसरूच शकत नाही! मला वाटायचं, कळ दाबली की आत कुठलं तरी विजेचं बटण दाबलं जात असेल. छे! कळ दाबली की एक पत्र्याची कॅम फिरते, ती एक पट्टी सरकवते, आणि त्या पट्टीला अडकवलेल्या फेराइटच्या बारीक कांड्या तारेच्या गुंडाळ्यांमध्ये आतबाहेर होतात. कांडी जितकी आत, तितकी केंद्राची फ्रिक्वेन्सी खालची. घरच्या रेडिओत पात्यांचा गँग कंडेन्सर असतो, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी ती पाती थरथरतील, म्हणून गाडीत ही कांड्यांची युक्ती. आणि एखादं केंद्र कळीवर बसवायचं असेल तर? हवं ते केंद्र लावा, कळ बाहेर ओढा, दाबून घट्ट आत ढकला. झालं! कॅम त्या जागी जाम बसते. कॉम्प्युटरशिवायची, वीज गेली तरी न विसरणारी स्मरणशक्ती! चाचांनी पाचही कळा दाबून दाखवल्या आणि सुई दरवेळी टुणकन आपल्या जागी गेली. एक कळ तेराशे किलोहर्ट्झच्या अलीकडेपलीकडे थांबत होती. मामांना फोन केला. ते लगेच म्हणाले, ‘परभणी असणार. 1305. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा.’

आता फोन जोडायची युक्ती ऐका. रेडिओत हवेतून आलेल्या सिग्नलमधून गाणं आधी सुटं होतं, मग आवाजाच्या नॉबवर येतं, तिथून पुढे मोठं होऊन स्पीकरला जातं. नॉबच्या अलीकडे एक बारीक जोड दिला की फोनचं गाणं तिथून आत शिरतं, आणि पुढचं सगळं काम जुना रेडिओच करतो. ब्लूटूथचा आगपेटीएवढा बोर्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये मागे लपला. डावा-उजवा आवाज एकत्र करताना दोन तारा सरळ एकमेकींना बांधायच्या नाहीत, प्रत्येकीत एक-एक रेझिस्टर घालायचा, नाहीतर एक बाजू दुसरीवर उलटी वीज ढकलते. मधे एक छोटा रिले: फोन जोडला तर फोन, नाहीतर रेडिओ. रेडिओचा एकही मूळ भाग काढला नाही. उद्या कुणाला नको असेल तर सोल्डर काढा, दोन तारा सोडा, रेडिओ पहिल्यासारखा.

स्पीकर मात्र फाटका होता. कागदी कोनाची कड झिजून गेलेली. तो लातूरला गंजगोलाईजवळ एकाकडे कोन बदलायला दिला. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका बोळात स्पीकर दुरुस्तीची ही छोटी दुकानं अजून टिकून आहेत. त्यानं मॅग्नेट आणि सांगाडा जुनाच ठेवला, कॉइल आणि कोन तेवढे नवे. जुन्या रेडिओची ताकद जेमतेम तीन-चार वॅट, पण हलक्या कागदी कोनाचा स्पीकर तेवढ्या विजेतही मोकळा वाजतो. जड रबरी कडेचा आजचा स्पीकर त्या जागी बसवला तर तो नुसता कण्हत राहील.

आणि एकच स्पीकर, म्हणजे मोनो. यावर मी आधी नाराज होतो. मग लक्षात आलं आणि मी अक्षरशः उडालो! जी गाणी मला या गाडीत ऐकायची आहेत ती मुळातच मोनो आहेत. पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं, सिनेमातली गाणी, सगळी एका वाहिनीवर ध्वनिमुद्रित झालेली. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, सुरू झालं ते घरोघरी एका स्पीकरमधूनच ऐकलं गेलं. मी काहीच गमावत नव्हतो. गाणं जसं घडलं तसंच ऐकत होतो.

नांदेड ते लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाताना पहिली अडचण आवाज वाढवण्याची नव्हतीच, आवाज शांत करण्याची होती. अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये टकटक वाढायची, ती स्पार्क प्लगची. डायनॅमोची बारीक शिट्टी वेगळी. प्लगच्या तारांना सप्रेसर कॅप लावल्या, टकटक गेली. डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलला कंडेन्सर लावला, शिट्टी गेली. (फील्डच्या टर्मिनलला चुकूनही लावायचा नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.) बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी जोडली, उरलेली खरखर गेली. यातलं काहीच नवं नाही. रेडिओवाले साठ वर्षांपूर्वी हेच करत. आवाज सुधारायचा म्हणजे आधी खरखर घालवायची, हे मला इथे कळलं आणि तेव्हापासून प्रत्येक गाडीत मी कान लावून बसतो.

मोठ्या रस्त्यावर मागच्या सीटवरच्यांना ऐकू जावं म्हणून एक छोटा क्लास-डी अॅम्प्लिफायर सीटखाली ठेवला आहे. तो का निवडला तेही सांगतो, कारण जुन्या गाडीत सगळा खेळ विजेचा. हेडलाइटचे दोन बल्ब प्रत्येकी 45 वॅटचे धरले तर 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर तिथेच गेले. वर वायपर, इग्निशन. डायनॅमो तर गाडी उभी असताना चार्ज करतच नाही, लाल दिवा लुकलुकत राहतो. लोह्याच्या चौकात अडकलात तर सगळं बॅटरीवर. क्लास-डी घेतलेल्या विजेपैकी फार थोडी उष्णतेत घालवतो, जुन्या पद्धतीचा अॅम्प्लिफायर निम्म्याच्या आसपास घालवतो. आमचा वीस-वीस वॅटचा, पूर्ण ताकदीनं वाजला तरी साधारण चार अँपिअर. त्याची तार थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभर अंतरावर वेगळा फ्यूज. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावलेला नाही.

या अॅम्प्लिफायरचे स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीत आहेत, पण मूळ फळीत नाहीत! मूळ फळी कापडात गुंडाळून मामांच्या माडीवर ठेवली, तिच्या मापाची प्लायवूडची दुसरी फळी करून घेतली आणि भोकं तिला पाडली. इतकं सोपं!

दारांच्या आतून ब्युटाइलचे चिकट शीट लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पत्र्याची थरथर त्यानं थांबते हे खरं, पण एकदा चिकटलेलं ते सहजी निघत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. मॅटखाली सुटा नमदा अंथरलाय. तो पाणी धरतो, पत्रा गंजवतो, म्हणून मृगाच्या आधी काढून ठेवायचा. उन्हाळ्याचीही काळजी घ्यावी लागते. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे असतात, तेव्हा मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर रेडिओ लावायचा नाही. काचा उघडा, दहा मिनिटं गाडी पळू द्या, मग लावा.

हे सगळं झाल्यावर वाचायला घेतलं तेव्हा कळलं, जगभरात जुन्या गाड्या जपणाऱ्यांचं म्हणणं हेच आहे. फिवा ही त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, 1966 पासूनची. तिची ट्युरिनची सनद सांगते की बदल करावाच लागला तर कमीत कमी करा आणि तो पूर्ववत करता येईल असा करा. चाचांनी ती सनद वाचलेली असण्याचं कारण नाही, तरी त्यांनी नेमकं तेच केलं होतं. आपल्याकडेही 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर द्यायची सोय केली. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. आमची फियाट आता त्या वयाची झाली आहे. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आपल्या भागातल्या वाड्यांत, शेतातल्या शेडमध्ये ज्या उभ्या आहेत त्या आता आपल्यालाच सांभाळायच्या आहेत.

परवा लातूरहून निघताना मामा शेजारी बसले होते. चाकूर मागे पडलं, अंधार झाला, त्यांनी फोनचं गाणं बंद करायला सांगून स्वतः सुई फिरवली. रात्री मध्यम लहरी वरच्या वातावरणावरून परतून फार लांब पोचतात, त्यामुळे दिवसा गप्प असलेल्या जागांवर कुठली कुठली केंद्रं येत होती. कन्नड, तेलुगू, एखादी न ओळखू येणारी भाषा. मामा अहमदपूरपर्यंत सुई फिरवत होते!

तेव्हा एवढं ऐका. तुमच्या घरी फियाट असो, अँबेसेडर असो, नवीन डेक बसवायला नेण्याआधी जुना रेडिओ, त्याचे नॉब, ब्रॅकेट आणि स्पीकर एका डब्यात भरून घरी ठेवा, बंद पडलेला असला तरी. आणि तो एखाद्या जुन्या कारागिराला लवकर दाखवा, कारण हे काम जाणणारे हात कमी होत चाललेत. वीज जोडण्याआधी फक्त तो मागचा अर्थिंगचा प्लग बघून घ्या.