अजब गोष्टींची पारख

मासिकांतून ‘हें आपणांस ठाऊक आहे काय?’ अशा मथळ्याखालीं चार-सहा चमत्कारिक गोष्टी देण्याची चाल फार जुनी आहे. पानाच्या तळाशीं जागा उरली म्हणजे संपादक तेथें एखादा देवमासा किंवा एखादें शतायु कासव बसवून देत, आणि पुष्कळ वाचक अग्रलेखाच्या आधीं तेंच वाचीत. आतां हें काम भ्रमणध्वनीनें उचललें आहे. मुलें पानावर बसलीं कीं वरणभाताबरोबर एकेक नवल वाढलें जातें: मधमाशीस पांच डोळे असतात, अष्टपाद नांवाच्या सागरी प्राण्यास तीन हृदयें असतात, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूहून मोठा असतो. कित्येक वडील मंडळी ह्यास रिकामपणचा उद्योग म्हणतात. आम्ही तसें म्हणत नाहीं. ह्या तीनहि गोष्टी खऱ्या आहेत, आणि मधमाशीच्या डोळ्यांचें ज्या मुलास नवल वाटत नाहीं त्यास पुढें कशाचेंच वाटणार नाहीं, अशी आम्हांस धास्ती आहे. मात्र पस्तीस वर्षें शाळेंत काढल्यामुळें एक खोड जडली आहे. नवल कानीं आलें कीं तोंडून प्रश्न निघतो, ‘हें कोणीं मोजलें, आणि कसें?’ ह्या प्रश्नापायीं आम्ही घरांत थोडे अप्रियच आहों.

प्रश्नाचा पहिला प्रसाद आमच्या नागपूरलाच मिळतो. पाहुणा आला कीं त्यास ‘झिरो माइल’चा स्तंभ दाखवावयाचा आणि ‘हा हिंदुस्थानचा अगदीं मध्यबिंदु’ असें सांगावयाचें, हा येथील शिष्टाचार आहे. चार घोडे, दगडी खांब, त्यावर कोरलेलीं हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर इत्यादि गांवांचीं नांवें व मैलांचे आंकडे. हें सर्व पाहून पाहुण्यास तें खरेंहि वाटतें. परंतु तेथें जो लहानसा दगड आहे, तो १९०७ सालीं त्रिकोणमितीय सर्वेक्षण करणाऱ्यांनीं बसविला तो उंचीची खूण म्हणून. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, असें माप तेथें नोंदलेलें आहे. देशाचा मध्य कोठें पडतो हें सरहद्द कोठें धरावी त्यावर ठरतें, आणि ती सरहद्दच १९४७ सालीं बदलली. तेव्हां मध्यबिंदूचा अभिमान जरा बेतानेंच बाळगावा. आम्हांस खरें नवल वाटतें तें त्या दशांशचिन्हापुढील तीन आंकड्यांचें. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवून पाण्याची सरासरी पातळी ठरवावयाची, आणि तेथून पाणसळीचें यंत्र व मापाच्या पट्ट्या घेऊन, एका वेळीं थोडीं पावलें सरकत, ती पातळी पायीं देशाच्या पोटांत आणावयाची. फुटाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवून माणसें इतकें चाललीं, हें पाहुण्यास कोणी सांगत नाहीं.

नागपूरच्या नांवावर दुसरीहि एक जागतिक नोंद आहे. येथील ज्योती आमगे ह्यांस १६ डिसेंबर २०११ रोजीं अठरा वर्षें पूर्ण झालीं, आणि त्याच दिवशीं हयात स्त्रियांत जगांत सर्वांत कमी उंचीच्या म्हणून त्यांची नोंद झाली: ६२.८ सेंटिमीटर. पुढें २०१४ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील एका दूरदर्शन-मालिकेंत कामहि केलें. कोणाच्या देहाकडे जत्रेंतील तमाशा म्हणून पाहणें आम्हांस रुचत नाहीं. पण मोजण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. नेपाळचे चंद्र बहादुर डांगी ह्यांची उंची २०१२ सालीं घेतली ती चोवीस तासांत सहा वेळां, आणि मग ५४.६ सेंटिमीटर हा आंकडा ठरला. इतका खटाटोप कशासाठीं? कारण मनुष्याची उंची दिवसभर सारखी राहत नाहीं. पाठीच्या मणक्यांमधील मऊ चकत्या उभ्या शरीराच्या भारानें दिवसां दबतात व रात्रीं निजल्यावर पुन्हा फुगतात. त्यामुळें सकाळीं आपण संध्याकाळपेक्षां सुमारें एक सेंटिमीटरनें उंच असतों. ह्यास यंत्र नको, प्रयोगशाळा नको. आमच्या माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या अशा दोन रेघा आहेत, आणि रंगारी आला तेव्हांहि सूनबाईंनीं त्या पुसूं दिल्या नाहींत.

पुण्याचे श्रीधर चिल्लाळ ह्यांनीं १९५२ पासून डाव्या हाताचीं नखें कापलीं नाहींत. २०१८ सालीं कापलीं तेव्हां पांचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली होती. मोजमाप निर्दोष आहे. कौतुक करावें किंवा कसें, ह्याविषयीं आमच्या घरांत दोन तट आहेत.

आमचें बालपण संस्कृताच्या पाठांतरांत गेल्यामुळें अजब माहितीचा एक निराळाच सांठा आमच्याजवळ होता. हंस दूध व पाणी वेगळें करतो, चकोर चांदणें पिऊन राहतो, तरुणीच्या पायाचा स्पर्श होतांच अशोक फुलतो. ह्यास कविसमय म्हणतात, म्हणजे कवींनीं आपसांत केलेला संकेत. आमचा राजशेखर, ज्यानें काव्यपुरुषाचें लग्न वत्सगुल्मांत म्हणजे आपल्या वाशिमांत लावलें, त्यानें ‘काव्यमीमांसें’त ह्या संकेतांचा रीतसर विचार केला आहे. लोकांत न दिसणारी गोष्टहि कवींनीं संकेतानें वर्णावी, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. घोटाळा झाला तो पुढें, संकेतासच लोक सृष्टिविज्ञान समजूं लागले तेव्हां.

परंतु चातकाची गोष्ट पाहावी. तो मेघाचेंच पाणी पितो, हा संकेत. प्रत्यक्षांत हा काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी कोकिळेच्या कुळांतला. केसाळ सुरवंट हें त्याचें आवडतें खाद्य, आणि अंडीं घालतो तीं सातभाईंच्या घरट्यांत. जूनमध्यें, पावसाच्या अगदीं पुढें-मागें, तो आमच्या विदर्भांत दिसूं लागतो. आणि येतो कोठून, तर आफ्रिकेहून, अरबी समुद्र ओलांडून, ज्या वाऱ्यांवर मेघ येतात त्याच वाऱ्यांच्या आधारानें. २०२० सालीं देहराडून येथें दोन चातकांच्या पाठीवर लहानशीं यंत्रें बसवून उपग्रहाच्या साह्यानें त्यांचा माग घेण्याचा उपक्रम झाला. त्या दोघांचीं नांवेंहि ‘मेघ’ आणि ‘चातक’ अशीं ठेविलीं होतीं. कवींनीं पक्ष्याची व मेघाची गांठ घातली ती चुकीची नव्हती. तिचें कारण मात्र त्यांनीं कल्पनेनें भरलें, आणि खरें कारण त्या कल्पनेहून कितीतरी विशाल निघालें.

असाच एक माग आमच्या बाजूच्या वाघाचा घेतला गेला. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेला एक तरुण नर २०१९ सालच्या जूनमध्यें घर सोडून निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणांतील शेतें, नाले, रस्ते ओलांडीत ३,००० किलोमीटरांहून अधिक चालून अखेर बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत स्थिरावला. गळ्यांत पट्टा होता म्हणून हें कळलें. पट्टा नसता तर वाटेंतील गांवांनीं पाहिलेले दहा वाघ निराळे मानले गेले असते.

आतां ज्यासाठीं लेखणी उचलली त्या विषयाकडे येतों. आमच्या नागपुरास नाग नदीवरून नांव मिळालें. नागपंचमीच्या सुमारास येथील हजारों लोक पचमढीकडील नागद्वाराची यात्रा करतात. इतकी जवळीक असूनहि सापाविषयीं जितकी खोटी माहिती आपल्या घरांत नांदते तितकी दुसऱ्या कोणत्याहि प्राण्याविषयीं नांदत नसेल. ह्या बाबतींत जुनें सारेंच टाकाऊ होतें असें मात्र कोणी समजूं नये. अमरकोशांत सर्पाचीं नांवें दिलीं आहेत त्यांत ‘गूढपाद’ हें एक आहे, म्हणजे ज्याचे पाय गुप्त आहेत तो. लहानपणीं आम्हांस हें नांव म्हणजे निव्वळ चमत्कृति वाटे. पुढें कळलें कीं अजगराच्या शेपटीच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस नखासारखे दोन लहान कांटे असतात, आणि ते त्याच्या पूर्वजांच्या मागल्या पायांचे अवशेष होत! दुसरें नांव ‘चक्षुःश्रवा’, डोळ्यांनीं ऐकणारा. ऐकण्याची रीत चुकली, पण निरीक्षण अचूक. सापास बाहेरचा कान नाहीं, कानाचा पडदा नाहीं. आंतला कान आहे. जमिनीचीं कंपनें जबड्याच्या हाडांतून तेथें पोंचतात, आणि हवेंतील खालच्या सुराचा नादहि त्यास थोडाफार जाणवतो. गारुड्याच्या पुंगीपुढें नाग डोलतो तो सुरांच्या गोडीनें नव्हे. हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो स्वतःचें रक्षण करीत असतो. तिसरें नांव ‘पवनाशन’, वाऱ्यावर जगणारा. एकदां पोटभर खाल्ल्यावर कित्येक साप आठवडेच्या आठवडे, अजगर तर महिनेच्या महिने, अन्नावांचून राहतो. पाहणारानें वाऱ्याशिवाय दुसरें काय म्हणावें?

दुधाची गोष्ट मात्र ह्या योग्यतेची नाहीं. साप दूध पीत नाहीं. तें त्याचें अन्न नव्हे व त्यास पचतहि नाहीं. गारुडी त्यास कित्येक दिवस पाण्यावांचून ठेवीत, दांत पाडीत, आणि मग तहानेनें व्याकुळ झालेला तो जीव पुढें ठेवलेल्या वाटींत तोंड बुडवी. आपल्या सुवासिनी भक्तिभावानें हळद-कुंकू वाहत. पूजा पाटावर काढलेल्या नागाची किंवा मातीच्या नागाची करावी. आमच्या आजीच्या घरीं तशीच होत असे, आणि तीच अधिक शास्त्रशुद्ध आहे असें आमचें मत आहे.

१९८७ सालीं आम्ही नागपूरपासून बारा कोसांवरील एका गांवीं शिक्षक होतों. श्रावणाचे दिवस. आमच्या वर्गांतील अकरा वर्षांचा एक मुलगा रात्रीं भावंडांबरोबर जमिनीवर निजला होता. पहाटे त्याच्या पोटांत दुखूं लागलें. आजीनें ओवा चावावयास दिला, हिंग कालवून बेंबीवर लावला. दुखणें थांबेना, मुलगा म्हणे, आवंढा गिळतां येत नाहीं. उजाडतांना त्याच्या पापण्या मिटूं लागल्या. रात्रभर जागला आहे, झोंप येत असेल, निजूं द्या, असें सर्वांस वाटलें. शाळेची घंटा झाली तेव्हां धाकटा भाऊ आम्हांस सांगावयास आला कीं दादाला श्वास घेतां येत नाहीं. गाडी जोडून सडकेपर्यंत नेईतों सर्व आटोपलें होतें. अंगावर कोठें जखम दिसली नाहीं. दुपारीं अंथरूण उचललें, तेव्हां गोधडीखालीं मण्यार निघाली.

मण्यार हा काळसर, अंगावर पांढरे पट्टे असलेला साप रात्रीं हिंडतो व पावसाळ्यांत घरांत शिरतो. त्याचे दांत इतके बारीक कीं दंशाची जागा दिसत नाहीं. सूज येत नाहीं. वेदनाहि जवळजवळ होत नाहीं, निजलेला मनुष्य पुष्कळदां जागासुद्धां होत नाहीं. विष मज्जातंतूंवर चालतें. कांहीं तासांनीं पोट दुखतें, गिळतां येत नाहीं, पापण्या पडतात, मग श्वास थांबतो. त्या घरांत सापाचें भय सर्वांसच होतें. न दुखणारा दंश असूं शकतो, ही एवढी एक अजब गोष्ट मात्र कोणाच्या कानीं गेलेली नव्हती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही एक नेम ठेवला. विदर्भांत शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशीं, पुस्तकें वाटण्याच्या आधीं, मुलांना हें नवल सांगावयाचें आणि घरीं जाऊन आजीस सांगण्याची ताकीद द्यावयाची. पावसाळ्यांत बाजेवर किंवा खाटेवर निजावें, मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी, अंधारांत पाय टाकण्यापूर्वीं उजेड पाहावा. पहाटे विनाकारण पोट दुखून पापण्या जड झाल्या तर ओवा बाजूस ठेवून रुग्णालय गांठावें. मांत्रिकाकडे जाऊं नये, जखम कापूं नये, चोखूं नये, दोरी आवळूं नये. औषध आहे, आणि तेंहि कमी नवलाचें नाहीं: घोड्यास विषाची अल्पशी मात्रा वारंवार टोंचतात, त्याच्या रक्तांत जो प्रतिकार निर्माण होतो तो काढून घेतात, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषावर तें एकच औषध चालतें. मुंबईच्या हाफकिन संस्थेनें हें काम दीर्घकाळ केलें आहे. मुलांना घोड्याची गोष्ट फार आवडे. ‘घोड्याला दुखतें का?’ हा प्रश्न दरवर्षीं येई.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० माणसें दगावलीं. येथेंहि आमचा नेहमीचा प्रश्न आलाच: कोणीं मोजलें, आणि कसें? सरकारी रुग्णालयांच्या नोंदींतील आंकडा ह्याच्या मानानें फारच लहान असतो, कारण बहुतेक माणसें रुग्णालयापर्यंत पोंचतच नाहींत. म्हणून निवडलेल्या वस्त्यांत घरोघर माणसें पाठविलीं. त्यांनीं ओसरीवर बसून घरच्यांना विचारलें, तुमचा मनुष्य कसा गेला, आधीं काय दुखलें, डोळे मिटत होते काय. आणि तीं उत्तरें वैद्यांनीं तपासून मृत्यूचें कारण ठरविलें. आमचा तो विद्यार्थी ह्या मोजणीच्या पुष्कळ आधीं गेला. त्या गांवच्या मृत्यूच्या नोंदवहींत त्याचें नांव आम्हीं पाहिलें आहे. कारणाच्या रकान्यांत ‘पोटदुखी’ असा शब्द आहे.