परदेशातील भूक आणि मध्यम मार्ग

परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या निरोपसमारंभात विद्यापीठाची, प्रबंधाची, शिष्यवृत्तीच्या रकमेची चर्चा होते. तो तेथे काय जेवेल, हे विचारणारी बहुधा त्याची आई एकटीच असते. आपल्या विद्यालयाच्या भोजनगृहात ताटे घेऊन रांगेत उभी राहिलेली काही मुले आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या आधाराने समुद्रापलीकडे पोहोचली आहेत. ही स्मरणिका त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्या मागून जाणाऱ्यांपर्यंत पोहोचेल, या आशेने हा साधा विषय मी निवडला आहे.

यामागे एक निमित्त घडले. परदेशात शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने दूरध्वनीवर मला अभिमानाने सांगितले, "सर, मी दिवसातून एकदाच जेवतो. उरलेले पैसे घरी पाठवतो. बाबासाहेबही असेच राहिले ना?" त्याच्या आवाजातील निष्ठा खरी होती आणि थकवाही खरा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबासाहेब १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले, ते स्वतःची साठवलेली पुंजी, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. सकाळी पावाचा तुकडा व चहा, दुपारी जेवणाला जवळजवळ फाटा, रात्री बोव्हरिल हे मांसाच्या अर्काचे गरम पेय आणि उशिरा भूक असह्य झाली की भाजलेले पापड, असे त्यांच्या तेथील आहाराचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन करून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. हा इतिहास वर्गात शिकवताना आजही माझा कंठ दाटून येतो.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक भेद सांगणे मला कर्तव्य वाटते. उपाशी राहणे ही बाबासाहेबांची साधना नव्हती, त्यांच्यावर लादलेली परिस्थिती होती. साधना होती ती अभ्यासाची. अनुकरण करायचे ते अभ्यासाचे. सहा वर्षांच्या कठोर देहदंडनानंतर शरीर क्षीण करून ज्ञान मिळत नाही, हे सिद्धार्थ गौतमांनी ओळखले आणि सुजातेची खीर स्वीकारली. आपला मध्यम मार्ग त्या अन्नग्रहणाच्या वाटेनेच आला आहे. परक्या शहरात चैन नको, तशी उपासमारही नको.

हे व्यवहारात जमते का? मे २०१९ मध्ये मी दहा दिवस लंडनमध्ये होतो, तेव्हा रोजच्या जेवणासाठी दहा पौंडांची, म्हणजे सुमारे नऊशे रुपयांची, मर्यादा मी स्वतःला घालून घेतली होती. ती पाळूनही एकही दिवस अर्धपोटी राहावे लागले नाही.

पहिली गोष्ट निवासाची. स्वयंपाकघर वापरू देणारे वसतिगृह निवडावे. भाडे थोडे अधिक पडले तरी जेवणात ते वसूल होते. ओट्सची किलोभर पिशवी पौंडाच्या आसपास मिळते. अंडी, केळी, दूधही स्वस्त असते. साउथॉल, वेम्ब्ली, टूटिंग या भागांतील दुकानांत तूरडाळ, तांदूळ, मसाले मिळतात. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी सोबत असली की खिचडीला गावाची चव येते. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ मात्र सामानात नेऊ नयेत. तेथे त्यांना मनाई आहे.

दुसरी गोष्ट खरेदीची. मोठ्या किराणा दुकानांत सँडविच, फळ वा वेफर्स आणि पेय असा एकत्रित संच मिळतो. तेव्हा तो सुमारे तीन पौंडांना होता. ज्या मालाची मुदत त्याच दिवशी संपते, त्यावर संध्याकाळी पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात. तो माल त्याच रात्री खायचा असेल तरच घ्यावा. उपाहारगृहात एकाच थंड सँडविचचे दोन भाव दिसतात, कारण तेथे बसून खाल्ल्यास वीस टक्के कर लागतो. बाहेर नेल्यास लागत नाही. मग बागेतील बाक काय वाईट! नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते, म्हणून रिकामी बाटली जवळ बाळगावी. तळलेली मासळी आणि बटाट्याचे काप हा तेथील श्रमिकांचा जुना आहार. त्याचा एक पुडा दोघांना पुरतो.

गरम, घरगुती जेवणाची आठवण झाली तर फिट्झरॉय स्क्वेअरजवळ इंडियन वायएमसीएचे भोजनगृह आहे. बाबासाहेब लंडनला परतले त्याच १९२० साली भारतीय विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी ही संस्था स्थापन झाली. तेथे बाहेरच्यांनाही जेवण मिळते. युस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर दक्षिण भारतीय आणि भेळपुरीची शाकाहारी उपाहारगृहे आहेत.

सर्वांत समाधानाचे जेवण मात्र साउथॉलमध्ये, तेव्हा हॅवलॉक रोड म्हटल्या जाणाऱ्या रस्त्यावरील गुरुद्वारात झाले. पादत्राणे बाहेर ठेवली, डोके झाकले आणि पंगतीत बसलो. डाळ, पोळी, भाजी, भात. शेजारच्याने नाव विचारले नाही, आडनाव तर नाहीच. माझ्या आजोबांना गावजेवणात सर्वांची पंगत उठल्यावर, उकिरड्याच्या बाजूला बसवत असत. ते माझ्या मनात होते आणि वाढणारा तरुण "और लीजिए" म्हणत समोर उभा होता. त्या पंगतीची किंमत पौंडात मोजता येत नाही. म्हणूनच ती फुकट समजून रोज जाऊ नये. गेल्यावर यथाशक्ती दान द्यावे किंवा ताटे घासायला बसावे.

१०, किंग हेन्रीज रोड हे घर १९२१-२२ या काळात बाबासाहेबांचे निवासस्थान होते. राज्य शासनाने ते २०१५ साली घेऊन तेथे स्मारक केले. तेथून ब्रिटिश म्युझियम सुमारे चार किलोमीटरवर आहे. ते अंतर मी पायी चाललो; पण पोटभर न्याहारी करून आणि पिशवीत डबा घेऊन. शंभर वर्षांपूर्वी त्या शहरात एका माणसाने भूक सोसली, म्हणून आज आपल्या मुलांच्या हाती शिष्यवृत्ती आहे. त्या शिष्यवृत्तीतील जेवणाचा वाटा जेवणावरच खर्च करणे, हा त्या माणसाच्या कष्टांचा मान राखणेच आहे.

परदेशी असलेल्या आणि उद्या जाणाऱ्या माझ्या सर्व विद्यार्थ्यांनो, खूप वाचा, वेळेवर निजा आणि दोन्ही वेळा जेवा. घरी पैसे पाठवायचे असतील तर नोकरी लागल्यावर पाठवा. तोवर तुमच्या आईला एवढेच कळवा, की आज काय जेवलात. जय भीम!