शेत पाहायला

फ्रान्सला जायचे, पण पॅरिसला केवळ विमानातून उतरण्यापुरते थांबायचे, असा सौ.चा हुकूम सुटला. तिला लॅव्हेंडरची जांभळी शेते पाहायची होती. पण प्रोव्हाँसमधला लॅव्हेंडर ऐन बहरात येतो जूनच्या अखेरीस नि जुलैत, म्हणजे आमचे कॉलेज सुरू झाल्यावर! प्राध्यापकाच्या सुट्टीचा नि फुलांचा मेळ परमेश्वरानेही घातलेला नाही. शेवटी येत्या मे महिन्यासाठी दोर्दोन्य नदीचे खोरे ठरले. पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान गाडीने दोनएक तास, पुढे सार्ला गावाला छोटी गाडी. तिकडे अक्रोडाच्या बागा आहेत, नदीकाठची दगडी गावे आहेत आणि लास्कोची गुहा आहे. आदिमानवाच्या चित्रांची ही गुहा १९४० साली सापडली. पाहुण्यांच्या श्वासाने चित्रे बिघडू लागली म्हणून १९६३ साली बंद केली. आता जवळच तिची हुबेहूब नक्कल दाखवतात. तिकिटाचे पैसे मात्र अस्सल घेतात.

राहायला खेड्यातले घर मिळते. भाडे बहुधा शनिवार ते शनिवार. अशा घराला तिकडे जो शब्द आहे, तो मी 'गीत' असा वाचला नि हरखून गेलो. "बाबा, झीत म्हणायचं," कन्या म्हणाली. मराठीच्या मास्तराचा तेवढा आनंदही टिकला नाही.

मग व्हिसाचे कागद. तीस हजार युरोंचा विमा, मुक्कामाचे पुरावे, बँकेचे उतारे. उताऱ्यात एक मोठी रक्कम होती. ती कुठून आली ते लिहून द्या, असे एजंटाने बजावले. मी लिहिले, 'वडिलोपार्जित शेतजमिनीची विक्री, मौजे पुनावळे.' वडील गेल्यावर आम्ही भावांनीच ती विकली. जिथे आमची ज्वारी उभी असे, तिथेच आता आम्ही सातव्या मजल्यावर उभे आहोत. विहिरीच्या जागी गाड्यांचे तळघर आहे.

आई शेजारी गवार निवडत बसली होती. नातीने तिला फोनवर ते भाड्याचे घर दाखवले. पुढे हिरवेगार रान, बाजूला गोठा. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"रान कुनाचं गं?"

"घरमालकाचंच, आजी."

"आन् त्यानं आजून इकलं न्हाई?"

कोणी काही बोलले नाही. आईने पाटीतली गवार पुढे ओढली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "जा बाबा, बघून ये. पर त्यास्नी इचार, पेरनी कवा करत्यात."

अर्जात 'प्रवासाचा हेतू' असा एक रकाना होता. मी 'पर्यटन' या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली.