सुरांची लिपी

गाणेंबजावणें हौसेपुरतें, पोटासाठीं नव्हे, अशी आम्हां मालवणकडील घरांची समजूत आहे. शेजारच्या गोव्यांत रीत निराळी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) वडिलांपाशीं संगीत शिकले, १९४३ सालीं मुंबईस आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले. १९५८ सालीं त्यांनीं स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारून रागदारी पाश्चात्य वाद्यमेळांत बसविली. लता मंगेशकर त्यांत गायल्या. असा मेळ केवळ कानावर चालत नाहीं. प्रत्येक वादकापुढें त्याचा भाग लिहून ठेवावा लागतो. आमच्या पुतण्यानें गिटार व वाद्यवृंदाचें संचालन हाच व्यवसाय करण्याचा हट्ट धरला आहे. वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, त्यास अडवूं नये. मात्र सुरांची लिपी आधीं पक्की करून घ्यावी.